जळणारा भिक्खू आणि रॉकचे गाणे

माझ्या एका विद्यार्थ्याच्या टी-शर्टवर जळणाऱ्या माणसाचे चित्र होते. हे कोण, असे मी विचारले. "रॉक बँडचे चित्र आहे, सर," एवढेच त्याला ठाऊक होते.

'रेज अगेन्स्ट द मशीन' या लॉस एंजेलिसच्या बँडने आपल्याच नावाने नोव्हेंबर १९९२ मध्ये काढलेल्या पहिल्या अल्बमचे ते मुखपृष्ठ. जळणारा माणूस म्हणजे बौद्ध भिक्खू थिक क्वांग डुक. दक्षिण व्हिएतनामच्या दिएम सरकारने १९६३ च्या बुद्धजयंतीला ह्यू शहरात बौद्ध ध्वज लावू दिला नाही; निषेध करणाऱ्या जमावावरील कारवाईत माणसे मेली. या दडपशाहीविरुद्ध ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या भर चौकात भिक्खूंनी स्वतःला जाळून घेतले. माल्कम ब्राउन यांनी ते छायाचित्र टिपले.

अल्बम आला त्याच वर्षी, रॉडनी किंग या काळ्या माणसाला झोडपणारे पोलिस कोर्टातून सुटले आणि लॉस एंजेलिस पेटले होते. 'किलिंग इन द नेम' हे गाणे पोलिसी वर्दी आणि कू क्लक्स क्लान यांचे नाते उघडे करते. 'वेक अप' काळ्यांच्या पुढाऱ्यांवरील सरकारी पाळतीविषयी बोलते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्या संघटनेवरही अशीच पाळत होती.

परंतु शिक्षक म्हणून मला अस्वस्थ करते ते 'टेक द पॉवर बॅक'. शाळा गोऱ्यांचाच इतिहास साऱ्यांचा म्हणून शिकवते, हा त्याचा आरोप. मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या क्रमिक पुस्तकांत आमच्या वस्तीतला माणूस कधी भेटला नाही. आज पगार घेऊन मी तशीच पुस्तके शिकवतो. मग हा आरोप माझ्यावरही नाही काय?

कोणी म्हणेल, हा अल्बम तर सोनीच्या मालकीच्या एपिक कंपनीने विकला; हा कसला विद्रोह? आक्षेप खरा आहे. बाजाराला नकारही विकता येतो. चित्र टी-शर्टवर येते, त्यामागचा माणूस मात्र गळून पडतो. त्याला परत आणण्याचे काम कंपनी करणार नाही. ते आपले आहे.

दुसऱ्या दिवशी मी थिक क्वांग डुक हे नाव फळ्यावर लिहिले. अभ्यासक्रमात ते नव्हते.