गाता गळा

‘गाता गळा, शिंपता मळा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पाणी मिळाले की मळा फुलतो आणि रोज गायले की गळा तयार होतो, हा तिचा अर्थ. रियाजाचे माहात्म्य याहून थोडक्यात कोण सांगणार? पण मळा आपल्याला डोळ्यांनी दिसतो, गळ्याचे तसे नाही. सतारिया आपली तार निरखू शकतो, तबलजी शाईवरून हात फिरवू शकतो. गवई मात्र ज्या वाद्यावर जन्मभर गातो, ते त्याने स्वतः कधी पाहिलेले नसते.

ते पाहण्याची युक्ती साधली ती एका गाण्याच्या मास्तरांनाच. मॅन्युएल गार्सिया हे स्पॅनिश घराण्यातले नामांकित गायनशिक्षक. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घेतला, त्यावर वाफ धरू नये म्हणून तो पाण्यात गरम केला आणि पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने उन्हाचा कवडसा घशात पाडला, आणि स्वतःचे गाते स्वरयंत्र त्यांना दिसले! पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपली निरीक्षणे मांडली. घशाच्या डॉक्टरांना त्यांचे आद्य हत्यार मिळाले ते असे, एका गानगुरूकडून. गार्सिया १९०६ साली वारले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती.

वाचकहो, आरसा नसला तरी बोट आहेच. हनुवटीखालून ते सावकाश खाली आणा. मध्यावर जो टणक उंचवटा लागेल, ती घाटी, म्हणजेच कंठमणी. आवंढा गिळा, घाटी वर जाऊन खाली येईल. ती ढालीच्या आकाराच्या एका कूर्चेची कड आहे. तिच्याखाली दुसरी कूर्चा आहे, ती थेट खड्याच्या अंगठीसारखी. फक्त खड्याची रुंद बाजू मागे असते. त्या रुंद बाजूवर दोन चिमुकल्या कूर्चा बसलेल्या असतात. पुढे ढाल आणि मागे या दोघी, यांच्यामध्ये स्वरतंतूंची जोडी आडवी बसवलेली असते.

‘स्वरतंतू’ हे नाव मात्र फसवे आहे. ऐकणाऱ्याला वाटते, गळ्यात तारा ताणल्या आहेत. प्रत्यक्षात त्या स्नायूच्या, मऊ ओलसर अस्तराच्या दोन घड्या असतात. बायकांत त्यांची लांबी एक ते दीड सेंटिमीटर, पुरुषांत दीड ते दोन. आणि गंमत अशी की, त्यांचे मूळ काम गाणे नव्हेच! त्या श्वासनलिकेच्या द्वारपाल आहेत. अन्नाचा कण आत शिरू नये म्हणून घास गिळताना हे दार घट्ट मिटते. चिवड्याचा बकाणा भरून हसत बोलायला जावे आणि ठसका लागावा, तो याच द्वारपालाचा आरडाओरडा. गाणे हे त्याने फावल्या वेळात शिकलेले काम.

मग सूर निघतो कसा? लहान मूल ओठ मिटून ‘फुर्रर्र’ करते, ते आठवा. ओठ मिटलेले असतात, मागून हवा रेटते, ओठ उघडतात आणि स्वतःच्या लवचिकपणाने व वाहत्या हवेच्या ओढीने पुन्हा मिटतात. घशातही हेच घडते, फक्त कितीतरी जलद. पेटीवरच्या काळी एकला षड्ज लावणाऱ्या गवयाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा उघडमीट करतात. तो तार षड्जाला गेला की त्याच्या दुप्पट, २७७ वेळा. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तार षड्जाला हा आकडा ४६६ वर जातो. सूर चढवताना ढाल आणि अंगठी एकमेकींवर कलतात, घड्या ताणल्या जाऊन पातळ होतात आणि कंप वाढतो. मुलगा वयात येताना या घड्या झपाट्याने लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली येतो. यालाच आपण ‘कंठ फुटला’ म्हणतो.

पण या घड्यांचा आवाज नुसता ऐकला, तर कोणी त्याला गाणे म्हणणार नाही. ती एक किरकिरी गुणगुण असते. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा लागतो, तसा या गुणगुणीला घसा, तोंड आणि नाक यांचा पोकळ भोपळा लागतो. पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही पोकळी सुमारे १७ सेंटिमीटर भरते. एकाच सुरात ‘आ’ आणि ‘ई’ म्हणून पाहा. सूर तोच, पण जीभ हलली की भोपळ्याचा आकार बदलतो आणि स्वर निराळा होतो.

आणि या साऱ्याला भांडवल श्वासाचे. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद पडले. एक फुप्फुस निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते परतले, ते लहान लहान, विजेसारख्या स्वरावली घेऊन. लांब दम उरला नव्हता, म्हणून त्यांनी गाणेच नव्याने बेतले.

आता घरोघरच्या उपायांविषयी. खडीसाखर, ज्येष्ठमध, मधाचे बोट यांनी घशाला बरे वाटते हे खरे, पण त्यांतले काहीही स्वरतंतूंना शिवत नाही. शिवले तर ठसकाच लागेल! पाणी पिण्याचा उपयोग होतो, तो रक्तावाटे. थेट पोचते ती वाफ आणि दुर्दैवाने फटाक्यांचा धूर.

खरा शत्रू म्हणजे ओढाताण. वर्गावर ओरडणारे आम्ही मास्तर, अंगणात किंचाळणारी मुले, न झेपणाऱ्या पट्टीत गाणारी हौशी मंडळी, या साऱ्यांच्या घड्या एकमेकींवर आपटत राहतात आणि आपटण्याच्या जागी, कुदळ चालवणाऱ्याच्या तळहातासारखे, घट्टे पडतात. पुष्कळदा ते विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने जातात. मात्र कुजबुजणे ही विश्रांती नव्हे. जोर लावून कुजबुजल्यानेही गळ्यावर ताण येतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर काढ्यांवर न विसंबता घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

१८४१ साली जेनी लिंड ही स्वीडिश गायिका थकलेला, चिरकलेला आवाज घेऊन गार्सियांकडे आली. त्यांनी तिला एकही पलटा दिला नाही. सहा आठवडे गाणे बंद, बोलणेही कमी, असे सांगून परत धाडले. त्यानंतर शिकवणी सुरू झाली आणि पुढे तिच्या गाण्याने युरोप-अमेरिका वेडी झाली.

मळ्याला पाणी हवेच, पण रात्रंदिवस पाट सोडून ठेवला तर मुळे कुजतात. तंबोरा मैफल संपली की आपण गवसणीत घालतो. गळ्याला शिंप्याकडची गवसणी मिळत नाही. मौन हीच त्याची गवसणी.