कमरेची गादी सरकते म्हणजे काय?

श्रीरामपूरच्या परिसरात उसाची मोळी उचलणारे मजूर तुम्ही पाहिले असतील. वाकून ओझे उचलताना कमरेच्या 5 मणक्यांवर मोठा दाब येतो. दर दोन मणक्यांमध्ये एक गादी असते : बाहेरून चिवट कडे, आत मऊ गर. कडे कमकुवत झाले की गादी फुगते. ती शेजारच्या मज्जातंतूला टेकली, तर कळ पायात उतरते. अशी कळ सरकलेल्या गादीमुळे येते, हे मिक्स्टर व बार या अमेरिकन डॉक्टरांनी 1934 साली दाखवून दिले. पण घाबरू नका. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते. अंथरूण धरून न बसता झेपेल तेवढे चालावे. मात्र पायातील शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.