कुंपण, बाग आणि नगर : एका डच शब्दाची व्युत्पत्ती

डच भाषेत बागेला ‘तौन’ म्हणतात. (हा स्वर देवनागरीत नेमका उतरत नाही, उच्चार जवळपासचा समजावा.) हाच शब्द जर्मनमध्ये ‘त्साउन’ असून त्याचा अर्थ कुंपण, तर इंग्रजीत ‘टाउन’ असून त्याचा अर्थ नगर. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ कसे झाले?

जुना अर्थ जर्मनने राखला आहे. मध्ययुगीन डचमध्येही हा शब्द कुंपणासाठी येई. पुढे कुंपणाचे नाव कुंपणाने वेढलेल्या जागेला मिळाले. डचमध्ये ती जागा बाग ठरली. इंग्रजीत आधी शेतघराचे आवार, मग खेडे आणि अखेर नगर. हॉलंडच्या जुन्या नाण्यांवर ‘हॉलंडचा तौन’ दिसतो : विणलेल्या फांद्यांच्या गोल कुंपणात बसलेली कुमारिका. तेथे नजरेत भरते ते कुंपणच.

आणखी मागे गेल्यास केल्टिक भाषा लागतात. जुन्या आयरिशमध्ये ‘दून’ म्हणजे गढी. फ्रान्समधील ल्यों शहराचे प्राचीन नाव ‘लुग्दूनुम’. त्याच्या उत्तरार्धात हाच शब्द आहे. जर्मानिक भाषांनी तो केल्टिक शेजाऱ्यांकडून उसना घेतला, असे सामान्यतः मानले जाते. मग ‘द’चा ‘त’ कसा झाला? याकोब ग्रिम याने 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार मूळ ‘द’ जर्मानिक शाखेत ‘त’ होतो आणि पुढे जर्मनमध्ये त्याचा ‘त्स’ होतो. संस्कृत ‘द्वे’, डच ‘त्वे’, जर्मन ‘त्स्वाय’. संस्कृत ‘दश’, डच ‘तीन’, जर्मन ‘त्सेन’. म्हणजे ही उसनवारी ‘द’चा ‘त’ होण्यापूर्वीची असली पाहिजे. नंतरची असती तर ‘द’ तसाच राहिला असता. डचमधील ‘ऊ’चा ‘औ’ मात्र बराच अलीकडचा : संस्कृत ‘मूष’, डच ‘मौस’.

डच ‘तीन’ म्हणजे दहा, हे येथे ध्यानात घ्यावे. मराठी ‘तीन’चा खरा सगोत्र डच ‘द्री’ हा आहे. केवळ कानावर विसंबल्यास फसगत होते ती अशी.

अर्थाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार. त्यापासून मराठी ‘वाडा’ आणि ‘वाडी’. वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास होती. त्या कोकणात नारळी-पोफळीची बागही वाडी आणि गावातील वस्तीही वाडीच. डचमधील बाग आणि इंग्रजीतील नगर मराठीच्या एकाच शब्दात नांदतात! तरीही ‘तौन’ आणि ‘वाडी’ यांचे नाते लागत नाही, कारण त्यांचे ध्वनी कोणत्याही नियमाने जुळत नाहीत. कुंपणापासून बागेपर्यंतची ही वाट दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे चालली आहे.