खांद्यावर बसणारा हिशेब

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला तरफेच्या रायफलीचा मान अजून टिकून आहे. खटक्याभोवतीची कडी खाली ढकलून परत वर ओढली, की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८९४ ही यातली सर्वांत गाजलेली.

गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा हिशेब न्यूटनचा. .३०-३० काडतुसाची ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने सुटते, मागोमाग दारूचा वायूही. बदल्यात तीन किलोची रायफल सेकंदाला साधारण तीन मीटरने मागे येते. हे सोसवतं. .४५-७० काडतुसाची गोळी मात्र २६ ग्रॅमची. भरणा जोरकस असेल तर रायफल मागे येण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट-चौपट! रायफल जड असली की धक्का कमी. पण ती दिवसभर डोंगरात वाहायची कोणी? त्यात जुन्या दस्त्यांचं टोक अरुंद, चंद्रकोरीसारखं आणि लोखंडी. धक्का तेवढाच, पण टोचतो. रबरी गादी मला तरी जास्त शहाणपणाची वाटते.

दर्जाचं म्हणाल तर १९६४ साली विंचेस्टरने खर्च वाचवायला काही घडीव भागांऐवजी पत्रा दाबून केलेले भाग घातले. त्याआधीच्या रायफलींना आजही चढा भाव येतो. मार्लिन ३३६ ही तरफेचीच दुसरी रायफल रिकामं काडतूस बाजूने फेकते, त्यामुळे वर दुर्बीण सहज बसते.

या रायफलींच्या गोळ्यांची टोकं बहुधा चपटी असतात. कारण नळीखालच्या पुंगळीत काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटली, तर बार तिथेच.