माजी सैनिकांची अक्षमता-भरपाई
माजी सैनिकांची अक्षमता-भरपाई : सैनिकी सेवेत झालेली जखम, जडलेला आजार किंवा सेवेमुळे बळावलेली व्याधी यांमुळे ज्यांची अर्थार्जनक्षमता घटली अथवा नष्ट झाली, अशा माजी सैनिकांना शासनाकडून नियमितपणे दिली जाणारी रक्कम. ती ठरविण्याची दोन तत्त्वे आहेत. एका तत्त्वानुसार शरीराची वा मनाची हानी टक्केवारीने मोजतात. दुसऱ्यानुसार ती व्यक्ती प्रत्यक्षात निर्वाहापुरते कमावू शकते की नाही, हे पाहतात. या दोहोंची उत्तरे नेहमीच जुळतात असे नाही. एक पाय गमावलेला लेखनिक आपले काम करू शकतो. उलट सर्व अवयव शाबूत असूनही युद्धातील मानसिक आघाताने ग्रासलेला माणूस कोणत्याच नोकरीत टिकू शकत नाही.

इतिहास : इंग्लंडमध्ये १५९३ च्या कायद्याने जायबंदी सैनिकांच्या साहाय्यासाठी पॅरिशवर कर बसविण्यात आला. फ्रान्समध्ये चौदाव्या लूईने १६७० मध्ये पॅरिस येथे अपंग सैनिकांसाठी निवासगृह स्थापन करण्याची आज्ञा दिली. अमेरिकेतील वसाहतींच्या काँग्रेसने ऑगस्ट १७७६ मध्ये अवयव गमावलेल्या किंवा उपजीविका करण्यास असमर्थ झालेल्या सैनिकांना अर्धे वेतन देण्याचा ठराव केला. काम करण्याची असमर्थता ही कसोटी अशा रीतीने आरंभापासूनच अमेरिकन व्यवस्थेत आढळते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : येथे प्रत्येक सेवाजन्य व्याधीचे शून्य ते शंभरपर्यंत दहादहाच्या टप्प्यांनी मूल्यांकन होते. हे आकडे त्या व्याधीमुळे अर्थार्जनात सरासरी किती घट होते, हे दर्शवितात. अनेक व्याधी असल्यास त्यांची साधी बेरीज करीत नाहीत. उदा., ५० व ३० टक्के अशा दोन व्याधी असल्यास पहिलीनंतर उरलेल्या ५० टक्के क्षमतेचे ३० टक्के, म्हणजे १५, मिळवून ६५ हा आकडा येतो व तो ७० धरला जातो.

सरासरीच्या या हिशेबातून निसटणाऱ्यांसाठी वैयक्तिक अनियोज्यतेची तरतूद आहे. एकच व्याधी किमान ६० टक्के असेल, किंवा एकत्रित प्रमाण ७० टक्के असून त्यांतील एक व्याधी किमान ४० टक्के असेल आणि सेवाजन्य व्याधींमुळे भरीव मिळकतीचे काम करणे अशक्य झाले असेल, तर अशा व्यक्तीस १०० टक्क्यांच्या दराने रक्कम मिळते. हे प्रमाण न गाठणाऱ्यांची प्रकरणे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे विशेष निर्णयासाठी पाठविता येतात. दारिद्र्यरेषेखालील मिळकत किंवा कौटुंबिक व्यवसायासारख्या संरक्षित ठिकाणचे काम भरीव मिळकतीचे मानीत नाहीत. वय व सेवेशी संबंध नसलेले आजार विचारात घेत नाहीत. त्यामुळे वृद्धांनाही ही सवलत मिळते. निवृत्तीच्या वयानंतर ती बंद करण्याचा प्रस्ताव २०१७ मध्ये अर्थसंकल्पात मांडला गेला. पण माजी सैनिकांच्या संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर तो मागे पडला.

भारत : भारतात मुख्य प्रश्न कामाच्या क्षमतेचा नसून कारणाचा असतो : व्याधी सेवेमुळे उद्भवली वा बळावली काय? तसे असून वैद्यकीय मंडळाने किमान २० टक्के अक्षमता ठरविल्यास सेवांशाबरोबर अक्षमतांशही मिळतो. सेवाजन्य १०० टक्के अक्षमतेसाठी त्याचा सर्वसाधारण दर अंतिम वेतनाच्या ३० टक्के आहे. युद्धातील जखमांसाठीचे दर याहून अधिक आहेत. वैद्यकीय कारणास्तव सेवामुक्त केलेल्यांच्या बाबतीत ५० हून कमी टक्के ५०, ५० ते ७५ टक्के ७५ व त्यांवरील १०० धरतात. पूर्णतः परावलंबी व्यक्तीस परिचरभत्ताही मिळतो.

कारणाविषयीचे वाद वारंवार न्यायालयात गेले आहेत. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसल्यास तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची असून संशयाचा फायदा सैनिकास मिळावा. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे असे अनेक दावे येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे पात्रता-नियम अंमलात आले.

कामाच्या असमर्थतेची कसोटी भारतात क्वचितच दिसते. दहा वर्षांहून कमी सेवा झालेल्या व सेवेशी संबंध नसलेल्या व्याधीमुळे घरी पाठविलेल्या सैनिकांना निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला, तेव्हा लष्करी सेवेबरोबरच मुलकी नोकरीसही कायमचे अपात्र असण्याची अट त्यात घालण्यात आली.

पुनर्वसन : रकमेने निर्वाह होतो, काम परत मिळत नाही. या दृष्टीने महाराष्ट्रातील तीन संस्था उल्लेखनीय आहेत : पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र (१९४४), खडकी येथील क्वीन मेरी तंत्रसंस्था (मुंबईत स्थापना १९१७) व तेथीलच अर्धांगवायुग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र (१९७४). मात्र पुनर्वसनामुळे थोडेफार कमावू लागलेल्याची भरपाई लगेच कापली गेल्यास तो काम करण्यास कचरतो. म्हणून अक्षमतेचे न्याय्य मोजमाप व कामाला उत्तेजन यांचा मेळ घालणे, ही या व्यवस्थेपुढील सर्वांत अवघड समस्या होय.