स्टेज ४ए म्हणजे नक्की काय? तोंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट वाचताना

गेल्या महिन्यात भिवंडीला घरी होतो. शेजारच्या काकांच्या मुलाने रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ टाकली. खाली मेसेज: "दादा, पप्पांना स्टेज ४ए. गूगल बघितलं, सगळं संपलं असंच वाटतंय. खरंय का?"

काकांची अर्धी हयात लूमवर गेली, गालात कायम पुडी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणे!

मी डॉक्टर नाही, पण कोड वाचायची सवय आहे. रिपोर्टवर होतं टी४ए, एन०, एम०. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे मानेतले लिम्फ नोड, एम म्हणजे शरीरात दूरवर पसरणं. काकांच्या गालातली गाठ जबड्याच्या हाडात घुसली होती, म्हणून टी४ए. बाकी दोन्ही शून्य. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आजार दूर पसरला नसला तरी स्टेज ४ए लागू शकते, आणि त्यात बऱ्याचदा ऑपरेशन करता येतं. फुफ्फुसात वगैरे पसरला तर ती ४सी. सर्चमध्ये नुसतं "स्टेज ४" टाकलं की हे दोघं एकाच रांगेत बसतात.

आणि हो, या नियमांनाही व्हर्जन असतं. आठव्या आवृत्तीपासून गाठ किती खोल गेली तेही मोजतात. १.८ सेंमीची, ७ मिमी खोल गाठ सातव्या आवृत्तीत टी१ होती, आठव्यात टी२. गाठ तीच, त्यामुळे जुने आकडे जपून वाचा.

मला खरी मेख वाटली ती एन० मध्ये. त्याच्याआधी बारीक "सी" होता, म्हणजे हा तपासणी आणि स्कॅनवरून काढलेला अंदाज. ऑपरेशननंतर मायक्रोस्कोपखाली बघून ठरतो तो "पी". अंदाज किती चुकतो? परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने लहान गाठीच्या, मानेत काही न सापडलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतले नोड काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते, मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे "शून्य" लिहिलेल्या कितीतरी मानांत आजार लपलेला होता.

काकांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, शुगर आहे, जेवण तुटलंय. यातलं काहीच त्या कोडमध्ये नाही.

मी त्याला लिहिलं: "संपलं वगैरे काही नाही. उद्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. मानेचं ऑपरेशनही सोबतच होणार का? आणि नंतरचा 'पी' रिपोर्ट कधी मिळेल?"

सकाळी सहाला बापलेक रिक्षाने कल्याणला निघाले, तिथून लोकलने परळ.