पुढची घोडी चालत नाही

एन्ड्युरन्स म्हणजे घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत. जागतिक स्पर्धेत 160 किलोमीटर, तेही एका दिवसात. एकेक फेरी संपवून घोडा तळावर आला की चार-पाच जण त्याला गराडा घालतात. खोगीर उतरतं, अंगावर गार पाण्याच्या बादल्या रित्या होतात, नाडी मोजली जाते. ती ठरल्या वेळात मिनिटाला सहसा 64 ठोक्यांपर्यंत उतरली नाही, तर घोडा बाद. इतकी माणसं राबलेली चालतात. मात्र पुढच्या फेरीत स्वाराचा एखादा मित्र नुसता सायकलवरून सोबत गेला, तरी स्वार बाद होऊ शकतो!

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत गाडी, सायकल, पायी चालणारा किंवा शर्यतीत नसलेला घोडेस्वार यांपैकी कोणीही पुढे, मागे वा बरोबर राहणं निषिद्ध आहे. स्वार पडला, तर सुटलेला घोडा पकडून द्यायला, पुन्हा चढायला हात द्यायला हरकत नाही.

खेड-जुन्नरकडचा बैलगाडा पाहिलेल्यांना या बंदीमागचं कारण सांगावं लागू नये. घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते, तिच्या ओढीने बैल जीव तोडून धावतात. ती धाव मिनिटाच्या आत संपते. इथे तर दिवस काढायचा असतो. घोडा कळपातला प्राणी. ताज्या दमाचा सोबती पुढे दिसला की थकवा विसरून धावतो, आणि विसरलेला थकवा कुठे जात नाही. माझ्या मते या नियमात स्वारांमधल्या न्यायापेक्षा घोड्याचा जीव मोठा आहे.

म्हणूनच घोड्याच्या स्वतःच्या स्वाराला मोकळीक आहे. कॅलिफोर्नियात 1955 पासून होणाऱ्या शंभर मैलांच्या टेव्हिस कपमध्ये अवघड चढावर स्वार खाली उतरतात आणि घोड्याची शेपूट धरून मागून चालतात. त्याला कोणी हरकत घेत नाही.

खरी पंचाईत आखाती वाळवंटात झाली. तिथे सपाट वाळूवर गाड्यांचे ताफेच्या ताफे घोड्यांना समांतर धावत, स्वारांच्या हाती पाण्याच्या बाटल्या देत. पाणी घोड्याच्या अंगावर ओतायचं, म्हणजे हेतू भलाच. पण हॉर्न आणि आरडाओरडा सुरू झाला की तीच गाडी चाबूक होते. घोड्यांच्या गंभीर दुखापती आणि नियमभंग यांवरून महासंघाने मार्च 2015 मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केलं. जुलैत निलंबन उठलं. तरी 2016 ची जागतिक स्पर्धा दुबईच्या हातून गेली आणि स्लोव्हाकियात शामोरिनला झाली.